लेख आमच्या सड्यावरचा, वाचायला जायचं कलिन्याला

सड्यावरची | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि तोही रडगाण्याचा. सांभाळून घ्या.

मी राजापूर तालुक्यातली. एका अनुदानित कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते आणि जमेल तशी पीएचडी रेटते. विषय कातळशिल्पं, म्हणजे सड्यावर (आमच्याकडचं खडकाळ पठार) कातळात कोरलेल्या जुन्या आकृती. २०२२ मध्ये कोकण पट्ट्यातली ९ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यातली बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे ही आमच्याच तालुक्यातली. म्हणजे माझं संशोधनाचं सामान घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

परवा कळलं की एका परदेशी नियतकालिकात आमच्या सड्यावर लेख आलाय. लिंक उघडली. गोषवारा दिसला, पहिल्या पानाचा धुरकट नमुना दिसला आणि खाली बटण: ३८ डॉलर, २४ तासांसाठी. त्या धुरकट पानावर एक फोटो आहे. फोटोच्या कडेला जो गडगा (दगडी कुंपण) दिसतो तो माझ्या चुलत्यांचा. आमचा गडगा बघायला मला सव्वातीन हजार रुपये!

माझी मैत्रीण कलिना कॅम्पसला आहे. तिने दोन मिनिटांत लेख उघडला आणि 'अगं हा काय' म्हणून स्क्रीनचा फोटो पाठवला. ती आणि मी एकाच मुंबई विद्यापीठात नोंदणी केलेल्या. शुल्क तेच, नियम तेच, पदवीवरचा शिक्का तोच. फक्त तिच्या खुर्चीखालचं इंटरनेट विद्यापीठाचं आहे आणि माझं मोबाईलचं, तेही सड्याच्या टोकाला उभं राहिलं तर.

तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? आणि पैसे नेमके अडतात कुठे, हे कुणी आतलं माणूस सांगेल का?

---

नानू_मालवणी | रात्री ९:५२

३८ डॉलरात २४ तास? तेवढ्यात आमच्या तारकर्लीक खोली गावता, वर सकाळची न्याहारी. लेख कसलो वाचतास, येवा रवाक.

---

माडाची_सावली | रात्री १०:०५

सड्यावरची, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघ. लेख पाठवलाय.

एक कबुली द्यायची आहे. मी सावंतवाडीची, आता पुण्यात केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या एका संशोधन संस्थेत आहे. गेल्या पाच वर्षांत मला ते किंमतीचं बटण कधी दिसलंच नाही. दाबलं की उघडतं. मला वाटायचं शोधनिबंध असेच असतात, उघडे. एकदा गणपतीला घरी आले होते आणि लॉगिनची मुदत संपली होती, तेव्हा पहिल्यांदा ते बटण पाहिलं आणि वाटलं साइट बिघडली.

---

सड्यावरची | रात्री १०:११

मिळाला! खूप आभार गं. पण माझा प्रश्न या एका लेखाचा नाही. दर आठवड्याला एकेका मैत्रिणीपुढे पदर पसरायचा, याला संशोधन म्हणायचं का, हा आहे.

---

कोकमकढी | रात्री १०:१४

वाचतेय. चांगला विषय.

---

निवृत्त_देवघेव | रात्री ११:२०

आतलं माणूस म्हणून लिहितो. चौतीस वर्षं एका अनुदानित कॉलेजच्या ग्रंथालयात काढली, सिंधुदुर्गात. लांबेल, आधीच माफी.

आमच्या वेळी पैसा पंचवार्षिक योजनेतून यायचा. यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) विकास अनुदान, त्यात पुस्तकं आणि नियतकालिकांचा वेगळा भाग. रक्कम फार नसायची, पण यायची आणि ती पुस्तकांवरच खर्च करावी लागायची. कुणाला ती रंगरंगोटीकडे वळवता यायची नाही. बारावी योजना २०१७ मध्ये संपली आणि योजनाच बंद झाल्या. त्याआधीच, २०१३ मध्ये, रूसा (राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान) आलं होतं. त्यात आधी प्रस्ताव, मग सादरीकरण, मग स्पर्धा. ज्यांच्याकडे प्रस्ताव लिहिणारी माणसं त्यांच्याकडे पैसे. आमच्याकडे प्रस्ताव लिहिणारा मी आणि पुस्तकांवरची धूळ झटकणाराही मीच, कारण परिचर निवृत्त झाला त्याची जागा भरली नाही. मी निवृत्त झालो तर माझीही भरली नाही. सध्या तिथे मराठीचे एक प्राध्यापक किल्ली सांभाळतात.

डिजिटलचं म्हणाल तर २०१० मध्ये एन-लिस्ट आलं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची (विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणारं केंद्र) योजना, आमच्यासारख्या कॉलेजांसाठीच केलेली. वर्षाला ५,९०० रुपये कर धरून, आणि त्यात हजारो नियतकालिकं आणि दीड-दोन लाख ई-पुस्तकं. इतका स्वस्त सौदा मी आयुष्यात पाहिला नाही. पण ही रक्कम मंजूर करून घ्यायला मला दरवर्षी तीन मीटिंगा लागायच्या. एका वर्षी हिशेब तपासनीस साहेबांनी विचारलं, "ही दोन लाख पुस्तकं दाखल नोंदवहीत कुठे आहेत?" म्हटलं, साहेब, ती इंटरनेटवर आहेत. म्हणाले, "मग पडताळणी कशी करू? कपाट नंबर सांगा." शेवटी एका कोऱ्या कपाटावर 'ई-संसाधने' अशी चिठ्ठी चिकटवली. आत एक फाइल आणि डांबराच्या गोळ्या. साहेब खूश, शेरा नाही.

आता ताजी गोष्ट. 'एक राष्ट्र, एक सदस्यता', म्हणजे नियतकालिकांची वर्गणी सगळ्यांच्या वतीने केंद्रानेच एकत्र भरायची योजना. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. मी पेपर वाचून बायकोला म्हटलं, आपलं आयुष्य चुकीच्या काळात गेलं. मग नीट वाचलं. शब्द आहेत केंद्र आणि राज्य सरकार 'चालवत असलेल्या' उच्च शिक्षण संस्था. सड्यावरचीताई, तुमचं कॉलेज अनुदानित. पगार सरकार देतं, पण चालवते कोण? संस्था. कोकणातली बहुतेक जुनी कॉलेजं अशीच, गावकऱ्यांनी आणि मुंबईकर चाकरमान्यांनी वर्गणी काढून उभी केलेली. तेव्हा त्याचा अभिमान होता. आज त्या अभिमानाचा दंड भरतोय.

---

हिशोबनीस | सोमवार, सकाळी ७:३०

काकांची पोस्ट सोन्याची. जरा आकडे मांडतो, सवय आहे.

६,००० कोटी भागिले ३ म्हणजे वर्षाला २,००० कोटी. सरकार म्हणतं लाभार्थी १ कोटी ८० लाख. डोई वर्षाला १,१११ रुपये. संस्था ६,३०० म्हणाल तर दर संस्थेमागे सुमारे ३१ लाख ७५ हजार. आता काकांचं कॉलेज ५,९०० भरायचं. म्हणजे यादीतल्या संस्थेवर सरासरी जेवढा खर्च होतोय, तेवढ्यात एन-लिस्टची वर्गणी ५०० हून जास्त वर्षं भरता येईल. तुलना सरळ नाही, मान्य, दोन्हीत मिळणारा माल वेगळा आहे. पण भूक लागल्यावर माल बघतं कोण.

दुसरी बाजूही सांगतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये नीती आयोगाने राज्य विद्यापीठांवर अहवाल काढला. देशातले ८१ टक्के विद्यार्थी, म्हणजे सव्वातीन कोटी, राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांच्या छत्राखाली शिकतात. आणि चांगली भांडी कायम उरलेल्या १९ टक्क्यांत.

---

लाल_माती | सकाळी ८:१५

मला उलटं वाटतं. वाईट वाटून घेऊ नका. मी पण कोकणातल्याच कॉलेजात शिकलो. आमच्या वर्गात ७० पोरं, त्यातल्या किती जणांनी लायब्ररी कार्ड काढलं असेल? परीक्षेच्या आधी 'गाईड' आणि झेरॉक्स, संपला विषय. काका स्वतः म्हणतात ५,९०० मध्ये दोन लाख पुस्तकं मिळत होती. किती जणांनी पासवर्ड घेतला ते पण सांगा. वाचणारे नसतील तर पैसे ओतून काय उपयोग? त्यापेक्षा मुलींसाठी नीट संडास बांधा.

---

निवृत्त_देवघेव | सकाळी ८:५०

@लाल_माती, प्रश्न रास्त आहे. उत्तर लाजिरवाणं आहे, तरी देतो. प्राध्यापक ४३, त्यातले १९. विद्यार्थ्यांत शंभराच्या आत. पण का, तेही ऐका.

पासवर्ड यायचा ईमेलवर. ईमेल उघडायला संगणक हवा. आमच्या ग्रंथालयात चालू संगणक दोन, त्यातला एक देवघेवीला. मुलं येणार सकाळी साडेदहाच्या एसटीने आणि जाणार चारच्या एसटीने. मधे तास. चारची चुकली की पुढची साडेसहाला आणि ती पण येईलच असं नाही. मग लायब्ररीत बसणार कोण? ज्यांची घरं कॉलेजच्या गावात, ती. म्हणजे जिथे आधीच वाण्याचं दुकान आणि डॉक्टर आहे, तीच. मुलांना वाचायचं नव्हतं असं नाही हो, त्यांना घरी जायचं होतं.

---

लाल_माती | सकाळी ९:०२

हम्म. एसटीचा मुद्दा मान्य. गाईडचा मागे घेत नाही.

---

पेजभात | सकाळी ९:१०

संडास की लायब्ररी असं का? ही निवड फक्त आमच्याकडेच करायला लावतात. कलिन्यात कुणी विचारतं का, 'लेख हवा की नळ?'

---

नानू_मालवणी | सकाळी ९:१४

कलिन्याच्या होस्टेलात ऱ्हवलेल्याक विचारा. नळाचा काय ता तो सांगात.

---

वांद्र्याची_फणसाची_भाजी | सकाळी ९:४०

नानू बरोबर बोलतायत. कॅम्पसवाल्यांना सगळं मिळतं हा गैरसमज. जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात दुपारी जागा पकडायला सकाळी जाऊन वही ठेवावी लागते. पण हो, वही ठेवायला जागा तरी आहे.

---

आंबेवाला | सकाळी १०:२५

आमच्या दापोलीचं सांगतो. मी बागायतदार, प्राध्यापक नाही. पण कृषी विद्यापीठात भावाची मुलगी एमएस्सी करत होती, चार-पाच वर्षांपूर्वी. तिला फळमाशीवरचा हवा तो लेख मिळायचा. का, तर कृषी संशोधन परिषदेने २००७ मध्येच सगळ्या कृषी विद्यापीठांसाठी 'सेरा' नावाने एकत्र खरेदी सुरू केली होती. कृषीचे प्रबंधही 'कृषीकोश'वर. तिथून थोड्याच अंतरावरच्या कॉलेजात कुणी वनस्पतीशास्त्रात तेच फळझाड घेऊन बसला असेल, तर त्याला ते नाही. झाड तेच, माशी तीच.

तेव्हा प्रश्न गरीब-श्रीमंत विद्यापीठाचा कमी आणि तुमचा बाप कुठलं मंत्रालय याचा जास्त. कृषीचा बाप वेगळा, तंत्रशिक्षणाचा वेगळा, वैद्यकीयचा वेगळा. कला-वाणिज्यवाल्यांना बाप नाही, चुलते पुष्कळ.

---

कोकमकढी | सकाळी १०:३१

"बाप नाही, चुलते पुष्कळ" :हहपुवा: (हसून हसून पुरेवाट)

---

खाडीपलीकडे | सकाळी ११:००

मूळ दुखण्यावर कुणी बोलत नाही. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत एक विद्यापीठ, मध्ये मुंबई बसलेली. बजेट बनतं फोर्टात. रत्नागिरीला उपकेंद्र दिलं, पण उपकेंद्राला ग्रंथालय म्हणजे उप-उप-ग्रंथालय. स्वतंत्र कोकण विद्यापीठ हाच उपाय. सोलापूरला २००४ मध्ये एका जिल्ह्यासाठी विद्यापीठ मिळालं, गडचिरोली-चंद्रपूरला २०११ मध्ये गोंडवाना. आम्ही काय घोडं मारलंय?

---

बंदरावरचा | सकाळी ११:१८

परत सुरू. विद्यापीठ वेगळं करा म्हणजे कुलगुरू, कुलसचिव, त्यांच्या गाड्या आणि एक मोठी कमान. ग्रंथालय सगळ्यात शेवटी, 'टप्पा ३' मध्ये. नव्या विद्यापीठाला १८५७ च्या या विद्यापीठात जमलेली पुस्तकं मिळणार आहेत का? राजाबाई मनोऱ्याखालचं ग्रंथालय काय बोटीतून रत्नागिरीला आणणार? आज निदान मुंबईचं विद्यार्थी म्हणून दार ठोठावता येतं.

---

खाडीपलीकडे | सकाळी ११:२६

ठोठावता येतं! रात्रीची कोकणकन्या पकडून. उघडणारे साडेदहाला येतात.

---

बंदरावरचा | सकाळी ११:३०

आणि कमानीवर कुणाचं नाव यावरून पाच वर्षं वाद होईल ते वेगळंच.

---

अ‍ॅडमिन | सकाळी ११:४५

कोकण विद्यापीठावर आधीच दोन धागे आहेत, दोन्ही कुलूपबंद. इथे ग्रंथालयांवर बोला.

---

परदेशस्थ_पांडू | दुपारी १:१०

इकडे मध्यरात्र उलटून गेली आहे पण राहवलं नाही. मी अमेरिकेत एका सरकारी विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी करतो, मूळ गुहागरचा. तुम्हाला वाटतं तिकडे सगळं आलबेल. एप्रिल २०१२ मध्ये हार्वर्डच्या प्राध्यापकांच्या समितीने पत्र काढलं होतं की नियतकालिकांचा खर्च वर्षाला ३७ लाख ५० हजार डॉलरच्या घरात गेलाय आणि हे झेपणारं नाही. हार्वर्ड म्हणतंय हे! कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये शास्त्रीय नियतकालिकांच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या प्रकाशकाशी, एल्सेव्हिअरशी, करार तोडला, दोन वर्षं त्यांच्याशिवाय काढली आणि मार्च २०२१ मध्ये स्वतःच्या अटींवर परत जोडला. त्यांच्या प्राध्यापकांचे लेख जगाला फुकट वाचायला मिळावेत, ही मुख्य अट.

मुद्दा असा की ज्याच्याकडे पैसे आहेत त्यालाच 'नको' म्हणता येतं. आमचं विद्यापीठ मध्यम. आम्ही 'नको' म्हणालो तर प्रकाशक म्हणेल, बरं. आमच्याकडे गेल्या काही वर्षांत इतिहास आणि भाषांची वर्गणी आधी कापली, कारण विज्ञानाची एका गठ्ठ्यात बांधलेली असते, सोडवता येत नाही. साडी हवी तर वर पाच परकर घ्या, तशी खरेदी.

---

हिशोबनीस | दुपारी १:२२

परकराचं उदाहरण पुढच्या प्रेझेंटेशनला ढापतोय.

---

वाशिष्ठी | दुपारी ३:०५

मला दुसरंच सुचलं. वर राजाबाई मनोऱ्याचा उल्लेख झाला. त्या ग्रंथालयाचे पैसे कुणी दिले? प्रेमचंद रायचंद यांनी, १८६४ मध्ये. दोन लाख ग्रंथालयाला आणि त्याच वर्षी आणखी दोन लाख मनोऱ्याला, आईच्या नावाने. अमेरिकेत यादवी चालू होती, कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या तेजीतला पैसा.

त्याच १८६४ मध्ये आमच्या चिपळुणात वाचनालय सुरू झालं, आजचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर. कापसाचा पैसा नाही, गावातल्या चार लोकांच्या खिशातला. रत्नागिरीचं नगर वाचनालय तर १८२८ चं, मुंबई विद्यापीठाहून २९ वर्षांनी थोरलं. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं. म्हणजे 'कोकणात वाचणारे नाहीत' हे कुणी सांगू नये (लाल_माती, तुम्हालाच).

आणि २२ जुलै २०२१. चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा वाचनालयातही शिरलं. २००५ मध्येही शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही मुलं गेलो होतो पुस्तकं उचलायला. ओलं पुस्तक किती जड होतं, हे उचलल्याशिवाय कळत नाही. चिखल लागलेली पानं एकमेकांना अशी चिकटतात की वीट उचलल्यासारखं वाटतं. एक आजोबा प्रत्येक वीट हातात घेऊन पुठ्ठ्यावरचं नाव पुसून बघत होते, मग बाजूला ठेवत होते. टाकायच्याच ढिगात, पण नाव बघून.

तेव्हा मला वाटायचं की डिजिटल झालं की हे संपेल. पूर येईल पण पुस्तक बुडणार नाही.

---

निवृत्त_देवघेव | दुपारी ४:४०

@वाशिष्ठी, पोस्ट वाचून थोडा वेळ तसाच बसलो.

पण डिजिटल बुडत नाही हे खरं नाही. त्याचा पूर वेगळा. आमच्याकडे १९८० च्या दशकातले बांधीव खंड आहेत, इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीचे. वर्गणी पुढे बंद पडली तरी तेवढे खंड राहिले, आजही कपाटात आहेत. एन-लिस्टची वर्गणी एका वर्षी उशिरा गेली (मंजुरीची तिसरी मीटिंग आषाढीमुळे पुढे गेली), तर दोन महिने सगळंच दार बंद. आदल्या वर्षी जे वाचत होतो तेही. कपाटाची किल्ली गांधीनगरला.

खंडांना इथे पावसाळ्यात बुरशी येते हे मात्र खरं. जूनपासून सप्टेंबर प्रत्येक कपाटात रात्री ४० वॅटचा पिवळा बल्ब लावून ठेवायचो, ऊब राहते, बुरशी धरत नाही. मग एलईडी आले. उजेड झक्क, ऊब शून्य. वीज वाचली, पुस्तकं गेली. जुने बल्ब मागायला मी कणकवलीच्या बाजारात दुकान दुकान फिरलोय. एकाने विचारलं, "कोंबडीची पिल्लां ठेवलीत काय?" म्हटलं हो, अकराशे पिल्लं आहेत.

---

नानू_मालवणी | दुपारी ४:४६

काका, ह्या वाचून हसाक येता नि पोटात पण कसातरी होता.

---

रात्रपाळी | संध्याकाळी ६:००

सगळे इतके सोवळे का? त्या पक्षिणीचं, म्हणजे पैसे न भरता लेख उघडून देणाऱ्या साय-हब संकेतस्थळाचं, नाव कुणीच काढलं नाही. अर्ध्या भारतातल्या पीएचड्या तिच्यावर झाल्यात.

---

परदेशस्थ_पांडू | संध्याकाळी ६:२०

झाल्यात, आणि म्हणूनच २०२० च्या डिसेंबरमध्ये तीन प्रकाशकांनी दिल्ली उच्च न्यायालयात खटला घातला. त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स दुकानाच्या बाजूने निकाल दिला होता, अभ्यासक्रमासाठी पुस्तकातली प्रकरणं झेरॉक्स करणं हा कॉपीराइटचा भंग नाही म्हणून. झेरॉक्सवाल्याला एक न्याय आणि संकेतस्थळाला दुसरा, यावर वकील मंडळींनी लिहावं. मी ग्रंथपाल, नोकरी प्यारी आहे.

---

अ‍ॅडमिन | संध्याकाळी ६:२५

चर्चा चालेल, लिंका नको. एक उडवली आहे.

---

कातकरीण | संध्याकाळी ७:१०

लिंक नको, पण उघड आणि फुकट असलेल्या गोष्टी तरी सांगू या. शोधगंगावर देशभरातले प्रबंध आहेत. २००९ च्या यूजीसी नियमांनंतर विद्यापीठांना प्रबंधाची सॉफ्ट कॉपी द्यावी लागते. खरगपूर आयआयटीने उभारलेलं नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे. आणि सगळ्यात सोपं, लेखकाला सरळ मेल करा. दहात सहा-सात उत्तर देतात, बिचाऱ्यांना कुणी वाचतंय याचाच आनंद.

काका, आणि कॅटलॉगसाठी पैसे मागत बसू नका कुणाला. आम्ही 'कोहा' हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर टाकलं जुन्या संगणकावर. न्यूझीलंडमधल्या एका लहान ग्रंथालयासाठी १९९९-२००० मध्ये बनलेलं, फुकट. माओरीत कोहा म्हणजे भेटवस्तू.

---

निवृत्त_देवघेव | संध्याकाळी ७:३०

कोहा आम्ही बसवलं होतं. नॅकची (कॉलेजांना दर्जा देणारी) समिती येणार होती, तेव्हा. समिती गेल्यावर बसवणारा मुलगा पण गेला. फुकट गोष्टीला माणूस लागतो हो, आणि माणूस फुकट नसतो.

---

लाल_माती | रात्री ८:१५

आता गाईडचा मुद्दाही मागे घेतो. खूश?

---

सड्यावरची | रात्री १०:३०

दिवसभर तास, आत्ता सगळं सलग वाचलं. सगळ्यांचे आभार. वाशिष्ठी, तुमची पोस्ट दोनदा वाचली.

आता मूळ लेखाबद्दल. सावलीने पाठवलेला पूर्ण वाचला. चांगला आहे, मोजमापं नेटकी, ड्रोनचे फोटो सुरेख. पण दोन ठिकाणी घोळ आहे. एका आकृतीला आमच्याकडे जे नाव आहे ते दुसऱ्याच आकृतीला लावलंय. आणि लिहिलंय की स्थानिकांमध्ये या शिल्पांबद्दल 'कोणतीही परंपरा आढळत नाही'. आमच्या वाडीत एका आकृतीपाशी दरवर्षी नारळ ठेवतात! कुणाला विचारलं असतं तर सांगितलं असतं. मलाच विचारायचं, मी समोरच राहते.

तर उत्तर लिहायचं ठरवलं. त्याच नियतकालिकाचे नियम वाचले. छापून घ्यायला पैसे लागत नाहीत. पण मग माझं उत्तर त्याच ३८ डॉलरच्या बटणामागे जाणार. गावातल्या कुणालाही वाचता यावं असं हवं असेल तर लेखकाने शुल्क भरायचं, दोन हजारांवर डॉलर. म्हणजे वाचायला आम्ही गरीब, आणि सगळ्यांनी वाचावं असं लिहायलाही गरीब.

---

माडाची_सावली | रात्री १०:४२

त्या एक-सदस्यतेत लेखकांच्या शुल्कासाठीही वर्षाला १५० कोटींची तरतूद आहे. पण तेही यादीतल्या संस्थांसाठी. तुझ्या उत्तराला सहलेखक म्हणून माझं नाव घातलं तर कदाचित... नको. लिहितानाच कसंतरी वाटलं. नारळ तुमच्या वाडीचा.

---

परदेशस्थ_पांडू | रात्री ११:०५

सड्यावरची, नियमांत 'स्वीकृत हस्तलिखित' असा शब्द शोधा. बरीच नियतकालिकं शेवटचा मसुदा, त्यांच्या मांडणीशिवायचा, संस्थेच्या भांडारात (ऑनलाइन साठ्यात) ठेवायला परवानगी देतात. कधी लगेच, कधी वर्ष-दीड वर्षाने. फुकट.

---

सड्यावरची | रात्री ११:१२

'संस्थेच्या भांडारात'. आमच्या संस्थेचं भांडार म्हणजे काकांचं ते चिठ्ठीवालं कपाट.

---

निवृत्त_देवघेव | रात्री ११:१५

किल्ली मराठीच्या प्राध्यापकांकडे आहे. माझं नाव सांगा.

---

आंबेवाला | मंगळवार, सकाळी ६:५०

ताई, इंग्रजी उत्तर करा सावकाश. आधी मराठीत लिहा, आम्ही वाचू. नारळ कुठल्या दिवशी ठेवतात?

---

सड्यावरची | मंगळवार, रात्री ९:२०

@आंबेवाला, मराठी मसुदा सुरू केलाय, या रविवारी इथेच टाकते. नारळाचा दिवस चुलत्यांना विचारून पक्का लिहीन, घरात दोन मतं आहेत.

आज लेखाची पानं छापून चुलत्यांकडे घेऊन गेले होते, फोटो दाखवायला. चष्मा लावून बराच वेळ बघत होते. मला वाटलं शिल्प बघतायत. मग म्हणाले, "गडगो पडलो तो ह्या बाजून, दोन पावसाळे झाले. फोटो जुनो आसा."